नरकात ढकललं कुणाला?

साडेतीनशे वर्षांमागची इंग्लंडातली गोष्ट. लोकर कातणारी टॅबिथा क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे, त्याचं ऐकेल तो तरेल, असं ती भर बाजारात सांगे. अखेर पाद्री क्रॅनॉकने तिला बेड्या घालून कचेरीत खेचलंच! सारा गाव लोटला.

पाद्री कडाडला, "तरणारे मोजकेच! जग घडवण्याआधीच देवाने ते निवडलेत, त्यात तसूभरही बदल व्हायचा नाही. आणि ही बया लोकांना नरकात ढकलतेय! यांच्यात ना पाद्री, ना प्रवचन. नुसतं गप्प बसायचं आणि त्याला प्रार्थना म्हणायचं!"

"बोल बाई," न्यायाधीश म्हणाले.

पण आतून शब्द येईस्तोवर बोलायचं नाही, ही क्वेकरांची रीत. टॅबिथाने डोळे मिटले.

"बघा, दातखीळ बसली!" पाद्री हसला.

तिने डोळे उघडले. क्वेकर राजालाही अरे-तुरे करत, तिथे पाद्र्याची काय कथा!

"बाबा रे, देवाने निवडलेल्याला मी नरकात ढकलू शकते?"

"छट्! कुणाची टाप आहे?"

"आणि न निवडलेला?"

"तो जन्माआधीच बुडालेला!"

"मग मी ढकललं कुणाला? एकाचं तरी नाव सांग."

कचेरीत हशा उसळला. न्यायाधीशांनी हसू दाबत तिच्या बेड्या काढायला लावल्या. पाद्र्याचं तोंड उघडलं, मिटलं, पण शब्द फुटेना.

टॅबिथा मायेने म्हणाली, "असाच बस, बाबा. आमची प्रार्थना अशीच सुरू होते."