तोंड खाली ठेवून चढ

“आणखी किती वेळा इंजिन खोलू, उस्ताद?” दिगंबरनं पाना जमिनीवर आपटला.

वाईचे दस्तगीर मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहिले...

दिगंबरचं डोकं भणभणलं. सहा वर्षं यांच्या हाताखाली घासली, भल्याभल्या लॉऱ्या ताळ्यावर आणल्या. आता स्वतःचं दुकान काढायचं, तर उस्तादांची अट! ‘ही पिकअप पसरणीच्या घाटानं वर नेऊन दाखव, मग खुशाल काढ.’

आणि पिकअप तरी कसली? मंदीच्या साली कुण्या साहेबानं काटकसर म्हणून घेतलेली. चौघांनी उचलून बाजूला ठेवावी एवढीशी. मागं पिठाची चार पोती टाकली की जागा संपली. पाचगणीच्या बेकरीवाल्यानं ती जुनी विकत घेतली होती. सपाटीवर झकास पळायची आणि उभा चढ लागला की खोकून बंद पडायची. तीन दिवस झाले, हाच तमाशा.

“इंजिनात खोट नाही,” दिगंबर म्हणाला. “खोट माझ्या नशिबात आहे.”

उस्तादांनी बशीची पुढची कड उचलली. चहा मागं सरकला. मग त्यांनी गाडीच्या सीटकडे बोट केलं.

सीटखाली पेट्रोलची टाकी. पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानं उतरत पुढं इंजिनात जाणार...

दिगंबरनं कपाळावर हात मारला. “म्हणजे चढावर तोंड वर झालं की इंजिन उपाशी!”

“मग तोंड खाली ठेव.”

“चढताना?”

“उलटी ने.”

“उस्ताद, सबंध घाट बघेल. उद्या माझ्या दुकानात कुत्रं तरी फिरकेल का?”

उस्ताद गाडीत मागं चढले. पिठाच्या पोत्यावर जाऊन बसले...

करतो काय बिचारा! मान मुरगाळून, मागं बघत, दिगंबरनं रिव्हर्समध्ये गाडी घाटाला लावली. बैलगाडीवाले पोट धरून हसले. एका लॉरीवाल्यानं तर खाली उतरून मुजरा केला. दिगंबरचे कान लाल झाले, पण पिकअप एकदाही खोकली नाही.

माथ्यावर पोचल्यावर तो उतरला आणि मान चोळत तणतणला, “झालं समाधान? सगळे हसले.”

“कुणाला?”

“मला! आणखी कुणाला?”

“मग काढ दुकान,” उस्ताद अंगावरचं पीठ झटकत म्हणाले. “गाडीला हसले असते, तर नको म्हटलं असतं.”