ठकूआजीचा धूर

हे कुणाला सांगू नकोस, असं ठकूआजीने मला बजावलं होतं. मी वाडीतली, हल्ली रोज सकाळी तिच्याकडे चहाला जाते. लोक म्हणतील, म्हातारी मरणाला भ्याली. तरी सांगते.

“मग तिला थांबवायचं कुणी?” श्रीरंगदादाने विचारलं.

कोंडाजीबुवा मठाच्या ओट्यावर बसले होते. 

श्रीरंगदादा शिकलेला. मन शांत होईना म्हणून डोंगरावरच्या या मठात बुवांकडे आला. मन शांत होण्याआधी त्याला खालच्या वाडीतला धूर दिसला. घरांना खिडकी नाही, कोपऱ्यात चूल, वासे काळेकुट्ट, आणि बायका डोळे पुसत भाकऱ्या थापतायत. त्याने तालुक्याला खेटे घातले, साहेबांची मनधरणी केली, आणि घरोघरी गॅसची शेगडी आणली. बायका त्याला दुवा देऊ लागल्या. ते त्याला आवडायचं. एकदा तो बुवांना म्हणाला होता, इतकी वर्षं भजनाने जे झालं नाही ते शेगडीने झालं. बुवा हसून म्हणाले होते, खरं आहे, भाकरीही बरी फुगते.

ठकूआजीची छाती सगळ्यात वाईट. तिचं घर ओढ्यापलीकडे, मठाच्या अगदी समोर, एकटंच. नवरा गेलेला. मुलगी लांब दिलेली, ती सणालाही येत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पाहिली आणि श्रीरंगदादाला बाजूला घेऊन सांगितलं, अजून एक हिवाळा धुरात काढला तर ही राहायची नाही.

म्हणून पहिली टाकी त्याने तिच्याकडे नेली. स्वतःच्या खांद्यावरून.

आजी शेगडी पेटवायला शिकली. पण रोज सकाळी तिच्या कौलांतून धूर निघतच राहिला.

त्या दिवशी तो न सांगता, उजाडताच तिच्या दारात जाऊन उभा राहिला. शेगडीवर चहा उकळत होता. शेजारी चूलही पेटलेली होती. तिच्यावर भांडं नव्हतं. आजी वाकून चुलीत ओला पाला सारत होती, आणि खोकला आला की भिंत धरत होती.

“शेगडी दिलीय ना, आजी? मग हे कशाला?”

“तिच्यावर चहा होतो, पोरा,” आजी म्हणाली. “धूर नाही होत.”

म्हातारीला भ्रम झाला, असं त्याला वाटलं. त्याने कोपऱ्यातली कळशी उचलली आणि चुलीत ओतली.  आजी दारात जाऊन समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. नुसता मठ होता.

तसाच तो चढ चढून बुवांकडे आला. तिचा हट्ट सांगितला, डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल, तुम्ही तिला दटावा, म्हणाला.

“पाणी ओतलंस?” बुवांनी विचारलं.

“ओतलं.”

“धूर वर यायच्या आधी?”

“हो.”

“तरीच...”

श्रीरंगदादाने तेव्हा पाहिलं. बुवांच्या बाजूला चहाचा पेला तसाच होता. त्यावर साय धरली होती. पायांत वहाणा होत्या, आणि काठी मांडीवर.

बुवा हळूहळू बोलले. नवरा गेला त्या साली ठकू वर आली होती. म्हणाली, रात्री एकटी निजते, एखाद्या सकाळी उठलेच नाही तर कळणार कुणाला? बुवा तेव्हा सहज बोलून गेले होते, तुझा धूर दिसला की मला कळेल.

“तेव्हापासून धूर दिसला की मी चहा घेतो.”

 बुवा रोज सकाळी ओट्याच्या कडेला उभे राहायचे. ते सूर्याला नमस्कार करतात, असं श्रीरंगदादा समजत आला होता.

“तिला... तिला एक फोन घेऊन देऊ,” तो म्हणाला. “उठल्यावर बटण दाबायचं फक्त. नाहीतर दाराला घंटा बांधू. इथवर ऐकू येईल अशी.”

“आणखी एक वस्तू?”



बुवा काठी टेकून उठले. त्यांच्या गुडघ्यांनी उतार सोडून बरीच वर्षं झाली होती. वाडीतल्या लग्नांनाही ते उतरत नसत, माणसं पाया पडायला वर यायची.

“तुम्ही नका जाऊ, बुवा. मी जाऊन बघून येतो.”

“तू गेला होतास की.”

ते उतरायला लागले. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. श्रीरंगदादा मागे. हात पुढे करावा की नाही, हे त्याला कळत नव्हतं. ओढ्यापाशी बुवा दम खायला थांबले. समोर आजीचं घर होतं. कौलांवर काहीच नव्हतं, स्वच्छ आभाळ.

“एवढी वर्षं तिला नको म्हणाला नाहीत,” श्रीरंगदादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याला राग आला होता. “तिची छाती तुम्हाला ठाऊक होती.”

“ठाऊक होती.”

“मग?”

बुवांनी ओढ्यात काठी टेकवली. पाणी घोट्याएवढंच होतं.

“ती फुंकत होती, श्रीरंगा. शेकत मी बसलो होतो.”

मग दोघं आजीच्या दाराशी पोचले, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून त्यांचीच वाट बघत होती... आले, आजी. चहा उतू जातोय का? आलेच मी.