सारथी, बदक आणि ग्रीसचा डबा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एवढ्या वर्षांपूर्वी मोटार कुठून आली, असं मध्येच कुणी विचारू नये. गोष्टीत आली म्हणजे आली.

समुद्राकाठी एक राज्य होतं. समोर एक लहानसं बेट होतं आणि दोघांच्या मधून एक दगडी वाट गेली होती. ओहोटीला ती वाट उघडी पडायची, भरतीला पाण्याखाली जायची. बेटावर माणसं होती, शेळ्या होत्या, नारळ तर विचारूच नका. पण सुईण नव्हती. म्हणून बेटावर कुणाला कळा सुरू झाल्या की राजाची एकुलती एक मोटार सुईणआजीला घेऊन ओहोटीच्या वेळात पलीकडे जायची.

मोटार चालवणाऱ्याला तिथे सारथी म्हणत. हा सारथी तरुण होता आणि मोटारीवर त्याचा भारी जीव होता. कुणी तिला नुसतं बोट लावलं तरी तो धोतराच्या सोग्याने डाग पुसत बसायचा. त्याची धाकटी बहीण त्याच बेटावर दिली होती. पहिल्या बाळंतपणात ती जिवावरच्या दुखण्यातून उठली होती, ती केवळ सुईणआजीच्या हातगुणामुळे.

एका गोष्टीने मात्र सारथ्याचं तोंड वाकडं व्हायचं. बॉनेट उघडलं की बॅटरीच्या टोकांवर, तारा जिथे जिथे जोडलेल्या तिथे तिथे, पिवळट ग्रीसचे थर दिसायचे. ही करणी आधीच्या सारथ्याची. त्याला सगळे आबा म्हणत. आता तो थकून घरी बसला होता, तरी रोज एक चक्कर मोटारीकडे मारल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

दसरा आला. त्या राज्यात दसऱ्याला सगळ्या वाहनांची पूजा व्हायची. बैलगाड्या, होड्या, पालख्या, राजाचा रथ, सगळं घासूनपुसून ओळीने उभं राहायचं आणि सगळ्यात लखलखीत वाहनाला राजा मानाचा शेला द्यायचा. सारथ्याने चिंच घेतली, मीठ घेतलं, राख घेतली आणि बॉनेट उघडलं.

आबा म्हणाला, "अरे, ते ग्रीस राहू दे रे बाबा. आपलं वारं खारं आहे. तांब्याला खाऊन टाकतं."

"आबा, राजेसाहेब आत वाकून बघतात! त्यांना हा चिकटा दाखवू?"

"दाखव की. त्यात लाजायचं काय?"

पण सारथ्याने ऐकलं नाही. सगळं ग्रीस पुसून काढलं आणि प्रत्येक टोक चिंचेने असं घासलं की त्यात तोंड दिसावं. वर हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं. राजाने आत वाकून पाहिलं, खूश झाला आणि शेला सारथ्याच्या खांद्यावर आला. त्या दिवशी त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

मग खाऱ्या वाऱ्याचं काम सुरू झालं. वाऱ्याला कुठे घाई असते? आधी भोंग्याचा आवाज बसला. मग दिवे पेंगुळले. एका सकाळी सारथ्याने बॉनेट उघडलं, तर चकचकीत टोकांवर हिरवा-पांढरा चुरा धरलेला.

आता काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तारा सोडवायच्या, टोकं खरवडायची, पुन्हा घट्ट आवळायची. पण त्याला अख्खी दुपार लागली असती, आबा चक्कर मारायला आला असता आणि "मी सांगितलं नव्हतं?" असं म्हणाला असता. ते ऐकायला नको म्हणून सारथ्याने मोटारीतल्या डब्यातलं ग्रीस काढलं आणि त्या चुऱ्यावरच थापून दिलं. सगळं पहिल्यासारखं दिसू लागलं.

आबाने ते पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शहाणा झालास, लेका!"

सारथी हसला खरा, पण ती शाबासकी त्याला रात्रंदिवस टोचत राहिली.

आणि एके दिवशी दुपार कलताना बेटावरून एक कोळी धापा टाकत आला. "सारथीदादा, तुमच्या बहिणीला कळा लागल्यात. पोर आडवं आहे म्हणतात बायका. आजीला आत्ताच्या आत्ता आणा!"

ओहोटी संपत आली होती. सुईणआजी गाठोडं घेऊन मोटारीत बसली आणि मोटार दगडी वाटेवरून निघाली. अर्ध्या वाटेवर ती खोकली, थरथरली आणि गप्प झाली. सारथ्याने चावी फिरवली. नुसतं टिक. पुन्हा फिरवली. पुन्हा टिक.

दोन्ही बाजूंनी पाणी दगडांना चाटू लागलं होतं.

"आजी, माझ्या पाठीवर बसा. मी पळतो," सारथी म्हणाला.

"मला घेऊन कुठवर पळशील? पाणी आपल्याआधी पोहोचेल," आजी म्हणाली आणि गुडघे धरत खाली उतरली. "मी होईल तेवढं चालते. तू हिला उठव. ती पोर तिकडे वाट बघतेय, एवढं लक्षात ठेव."

सारथ्याने बॉनेट उघडलं आणि हताश होऊन त्या ग्रीसकडे बघत राहिला. वाटेच्या कडेला डबक्यात एक बदक पंख विंचरत बसलं होतं. ते मान वाकडी करून म्हणालं, "माखलंयस तर छान!"

"मग बंद का पडली?" सारथी ओरडला.

"ते मला काय विचारतोस? मी आपलं रोज तेल लावतं. पण आधी चोचीने पीस न् पीस विंचरतं. चिखल काढतं, वाळू काढतं, मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलाची चोच फिरवतं. म्हणून पाणी अंगाला लागत नाही. तू आधी काय काढलंस?"

सारथ्याने पाना घेतला. ग्रीस पुसलं, तर खाली हिरवा गंज पोसला होता. एक तार तर निम्मी खाऊन टाकलेली. त्याने तारा सोडवल्या. शिंपल्याच्या धारेने टोकं खरवडली, तांबं लाल दिसेपर्यंत. खराब टोक तोडून नवं सोललं. सगळं पाण्याने नव्हे, कोरड्या फडक्याने पुसलं. घट्ट आवळलं, आणि मग, सगळ्यात शेवटी, वरून ग्रीसचा हात फिरवला. पाणी घोट्याला लागलं होतं, पण एकही पायरी त्याने गाळली नाही.

चावी फिरवली. मोटार गरजली. दिवे असे पेटले की बदक दचकून पाण्यात गेलं.

पुढे आजी गुडघाभर पाण्यात काठी टेकत चालली होती. तिला आत घेऊन मोटार पाणी उडवत बेटावर चढली आणि मागे वाट बुडाली.

दिवेलागणीला घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाहेर बसलेला सारथी ओंजळीत तोंड घालून ढसाढसा रडला.

बहीण सुखरूप होती. मुलीला कुशीत घेऊन तिने क्षीण आवाजात विचारलं, "दादा, एवढा उशीर का रे झाला? मला वाटलं, आता काही खरं नाही."

भरतीचं नाव सांगता आलं असतं. मोटारीचंही सांगता आलं असतं. दारात उभी आजी काही बोलणार नव्हती. सारथ्याने खाली बघितलं, आणि मग सरळ बहिणीच्या डोळ्यांत.

"मोटारीला गंज चढला होता," तो म्हणाला. "मला माहीत होता. मी तो झाकून ठेवला होता."

बहिणीने बाळ उचलून त्याच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांत दिलं.

तात्पर्य : जे जपायचं ते आधी स्वच्छ करावं, मगच झाकावं, घाणीवर घातलेलं पांघरूण घाणीलाच जपतं.