डावा खांब

पुष्कळ वर्षांमागे, जेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि पुराची बातमी पुराच्या आधी पोहोचत नव्हती, तेव्हा एका राज्यात एक यंत्रशाळा होती. तिथे मुले-मुली चाके, काठ्या आणि खुंट्या जोडून आपोआप चालणारी यंत्रे करायला शिकत.

सकाळभर सगळ्यांचे हात चालत. दुपारी जेवणानंतर आचार्य नीतीचा पाठ घेत, आणि त्या पाठाला अर्धा वर्ग पेंगत असे.

"चाक फिरायला नीती कशाला लागते?" विसू नावाचा हुशार मुलगा हळूच म्हणायचा. "तेल लागतं!"

सगळे तोंडावर हात धरून हसत. मैना हसत नसे. ती भिंतीशी बसून ऐकत राही. "नाव मैना आणि तोंडाला कुलूप," असे तिला चिडवत. पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

त्या शाळेची एक जुनी रीत होती. प्रत्येक यंत्र दोन लाकडी खांबांमध्ये बसवायचे. उजव्या खांबावर करणाऱ्याने आपले नाव कोरायचे. डाव्या खांबावर कोरायचे, हे यंत्र काय करू शकत नाही.

"यंत्र वापरणाऱ्याला त्याच्या पोटातलं दिसत नाही," आचार्य सांगत. "म्हणून ते आपण सांगायचं."

पण रीत आता नावापुरती उरली होती. मुले डाव्या खांबावर कोरत, 'हे यंत्र भाकरी भाजत नाही.' आणि मोकळी होत.

एके वर्षी राजाने नदीकाठासाठी दोन पूरघंटा मागवल्या. सर्वांत चांगली राजधानीच्या घाटावर बसणार होती, दुसरी नदीच्या खालच्या अंगाला, कुंभारवाडीत.

घाटावर आपलीच घंटा बसावी, असे मैनेला फार वाटे. तिचे वडील दोरखंड वळत. राज्यातल्या निम्म्या नावा त्यांच्या दोरांनी बांधलेल्या असत, पण त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. 'निदान माझं तरी घाटावर दिसू दे,' ती मनात म्हणे.

तिने घंटा केली. पाण्यावर वाळका भोपळा तरंगे. पाणी चढले की भोपळ्यावरची काठी वर जाई, खुंटीला धक्का बसे आणि हातोडा घंटेवर पडे. शाळेच्या हौदात घागरींमागून घागरी ओतून मुले आपापल्या घंटा तपासत. मैनेची घंटा दर वेळी ठणठणीत वाजली.

राजा घंटा निवडायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. हौदाची पन्हळ ती बंद करायला विसरली होती. सकाळी येऊन पाहते, तर थेंबाथेंबाने हौद काठोकाठ भरलेला, आणि हातोडा जागच्या जागी. पाणी झपाट्याने चढले तर खुंटीला धक्का बसे. हळूहळू चढले तर खुंटी नुसती कलंडे आणि घंटा मुकीच राही.

दिवसभर तिने खटपट केली. खुंटी बदलली, काठी बदलली. काही जमले नाही. मग ती विसूकडे गेली, कारण त्याच्या घंटेची जोडणी अगदी तशीच होती.

"विसू, एकदा पाणी हळू भरून बघ. तुझीही वाजणार नाही."

"अगं, पूर काय तुझ्यासारखा लाजत लाजत येतो का?"

"येतो. खाली संगमाला पाणी तुंबलं की फुगवटा मागे सरकतो. तेव्हा नदी हळूच चढते."

"दहा वर्षांतून एकदा! आणि तू हे खांबावर कोरणार? राजापुढे? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेशील."

मैना पटाशी घेऊन डाव्या खांबापुढे बसली. भाकरीचे कोरले, तर घाट मिळेल. खरे कोरले, तर जाईल. पण घंटा वाजली नाही म्हणजे पूर नाही, असे समजून माणसे निवांत झोपतील, पोरे पाण्याशी खेळतील. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. तिने कोरायला घेतले: 'पाणी हळूहळू चढले, तर ही घंटा वाजत नाही.'

दुसऱ्या दिवशी राजाने ते वाचले आणि भुवया उंचावल्या.

"स्वतःच्या कामाला स्वतःच नावं ठेवतेस?"

मैना पुढे झाली. "महाराज, अशा जोडणीच्या सगळ्याच घंटांचं हे असं आहे. विसूच्याही."

"माझी कालच वीस घागरींनी तपासली," विसू पटकन म्हणाला. "वीसही वेळा वाजली."

"महाराज, मुलगी म्हणते ते एकदा पाहावं," आचार्य म्हणाले.

"पावसाळा दाराशी आला, आचार्य. आता कधी पाहणार?" राजाने विसूची घंटा घाटासाठी निवडली. मैनेची कुंभारवाडीला गेली.

तिथे घंटा बसवताना मैनेने डावा खांब मोठ्याने वाचून दाखवला. वाडीतली एक म्हातारी कुंभारीण कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे घंटेवर सगळा हवाला टाकू नका, असंच ना?"

"हो, आजी."

"बरं केलंस बाई, सांगितलंस. आम्ही आमच्या मडक्यालासुद्धा चीर असली तर घेणाऱ्याला दाखवतो." आणि तिने त्याच दिवशी काठावरच्या दगडावर गेरूच्या रेघा ओढल्या. पावसाळाभर कुणी ना कुणी थाळी घेऊन त्या दगडापाशी बसू लागले.

भाद्रपदात एका सकाळी संगम तुंबला. नदी आवाज न करता फुगू लागली. वाडीतली घंटा वाजली नाही. पण गेरूची तिसरी रेघ बुडाली आणि थाळी वाजली. तासाभरात वाडी टेकडीवर होती, आणि घोड्यावरून निघालेला एक कुंभार राजधानीत ओरडत शिरला.

तिथे घाटावर बायका धुणी धूत होत्या. घंटा गप्प होती, म्हणून एकेक पायरी बुडत असूनही कुणाला पुराची शंका आली नव्हती. त्या कुंभारामुळे माणसे वाचली. कोठारातले धान्य मात्र भिजून गेले.

पाणी ओसरल्यावर राजा स्वतः यंत्रशाळेत आला.

"मुली, आमची घंटा वाजली नाही. तुझा खांब वाजला," तो म्हणाला. "आजपासून डावा खांब नीट तपासल्याखेरीज या राज्यात एकही यंत्र बसणार नाही. आणि तो तपासशील तू."

विसू खाली मान घालून उभा होता. सगळे गेल्यावर तो पुढे आला. "मैना, तुझी पटाशी देतेस? घाटावरचा डावा खांब कोरून येतो." तिने पटाशी दिली.

काही दिवसांनी मैनेचे वडील दोरखंड पोहोचवायला कुंभारवाडीत आले. उजव्या खांबावर लेकीचे नाव होते. त्यावरून त्यांनी हात फिरवला. मग डाव्या खांबापाशी गेले, एकेक अक्षर लावत सगळे वाचले आणि कितीतरी वेळ तिथेच थांबले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ते त्याच खांबाकडे बोट दाखवत आणि छाती फुगवून सांगत, "हे माझ्या लेकीनं कोरलंय!"

तात्पर्य: आपल्या कामातली उणीव जो स्वतः सांगतो, त्याच्याच कामावर लोकांनी विसंबावे.