हरभऱ्याची आंब

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीकाठच्या पोतन नगरीत पुष्करसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्माला आले होते. नाव भद्रक. काळ्या मातीचे लहानसे शेत होते आणि थंडीत त्यात हरभरा असे.

राजा न्यायी होता, कष्टाळूही होता. पण चाळिशी उलटली आणि त्याच्या तोंडाची चव गेली. भात मातीसारखा लागे, मध पाण्यासारखा. पुढे डोळ्यांचेही तसेच झाले. दरबारात दोन तोंडांचा साप आणला. राजा म्हणाला, "पाहिलं." समुद्रापलीकडचा बोलका पक्षी आणला. "पाहिलं." एकदा त्याची पाच वर्षांची मुलगी मृणाल ओंजळ मिटून धावत आली. ओंजळ उघडायच्या आतच तो म्हणाला, "पाहिलं हं, बाळ." पोर ओंजळ तशीच मिटून परत गेली.

महिनाभर राजाच्या पोटात धड अन्न गेले नाही. तो गेला तर गादीवर बसायला ती पोर, आणि नदीपलीकडचा राजा याच दिवसाची वाट पाहत बसलेला. सगळ्या नगरीला हे माहीत होते.

सोमिल नावाचा म्हातारा राजवैद्य म्हणाला, "आता एकच औषध उरलं. हरभऱ्याची आंब. सात सकाळी घ्यायची."

थंडीत हरभऱ्याच्या पानांवर रात्रभर दव धरते आणि पानांचा आंबटपणा त्यात उतरतो. पहाटे पिकावरून स्वच्छ पांढरे कापड फिरवायचे, भिजले की पिळायचे. जे पाणी निघते ती आंब.

राजवाड्याचा कोठारी विपुल याने काम अंगावर घेतले. तो म्हणाला, "राजाचं औषध राजाला शोभेल असं आणतो." वीस माणसे घेऊन तो भद्रकाच्या शेतात गेला. माणसांनी कापडे फरफटत नेली, अर्धे पीक तुडवले आणि आंब तांब्याच्या मोठ्या हंड्यात पिळली. हंड्यावर हत्तींची रांग कोरलेली होती. मग हंडा पालखीत ठेवून वाजतगाजत सगळ्या नगरीतून मिरवला. दुसऱ्या दिवशी ज्योतिष्याने सांगितलेल्या मुहूर्तावर राजाला पेला दिला.

राजा दिवसभर ओकत राहिला. संध्याकाळी त्याला उठून बसवेना.

"शेतच विषारी असणार," विपुल म्हणाला. भद्रकाला दोरीने बांधून आणले. पडल्या पडल्या राजा म्हणाला, "सुळी द्या." 'पाहिलं' म्हणावे तसाच तो म्हणाला.

भद्रक म्हणाला, "द्या. त्याआधी तो हंडा एकदा पाहू द्या."

हंडा आणला. भद्रक वाकला आणि पाहतच राहिला. सगळे ताटकळले.

"हंडा कधी पाहिला नाहीस वाटतं," विपुल म्हणाला.

"इतका देखणा नव्हता पाहिला. आत काठाखाली पोपटाच्या पिसासारखी हिरवी रेघ आहे, ती तुम्ही पाहिलीत का, कोठारीबाबा? आंब तांबं खाते आणि विष होते. आमच्याकडे ती मडक्यात धरतात."

सोमिलाने बोट फिरवले, हुंगले आणि मान खाली घातली. "मी बाहेरचे हत्ती पाहिले," तो म्हणाला. "आत पाहिलं नाही."

राजाने दोरी सोडायला सांगितली. "उद्या आंब घेऊन ये."

"नाही आणणार, महाराज," भद्रक म्हणाला. "आपण यावं. कापडाला दोन टोकं असतात. दोन माणसं लागतात."

राजाला राग यायला हवा होता, पण रागही येईना. तो म्हणाला, "येतो."

पहाटे पालखी बांधापाशी थांबली. धुक्यात झाडे, विहीर, नदी सगळे विरघळून गेले होते. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. भोई शेतात उतरू लागले तशी भद्रकाची बायको आडवी आली.

"पीक मोडेल. महाराजांनी पायी जावं. आणि धोतर वर खोचावं, नाहीतर आंब धोतरच पिऊन टाकील." मग नवऱ्याकडे मानेने खूण करून म्हणाली, "यांच्याबरोबर निघालात तर दुपार धरूनच चला, महाराज. हे मुंगीलाही आधी वाट देतात."

राजा अनवाणी उतरला. माती गार होती. तो किती वर्षांनी मातीवर उभा होता, ते त्याला आठवेना.

त्याने कापडाचे एक टोक धरले, भद्रकाने दुसरे. राजा ओढू लागला.

"ओढू नका," भद्रक म्हणाला. "पिकावर टेकू द्या. ते आपलं आपण पितं."

दोघे सावकाश चालले. कापड जड होत गेले. धुक्यातून फक्त समोरचा माणूस दिसे, तोही मधूनच नाहीसा होई आणि कापडाच्या ताणावरून तेवढा कळे. आपण झोपेत आहोत की जागे, असे राजाला वाटू लागले. एवढ्यात ताण थांबला. भद्रक हरभऱ्याच्या एका झाडापाशी खाली बसला होता. दोन फांद्यांमध्ये कोळ्याने जाळे विणले होते आणि धाग्याधाग्यावर दव होते.

"पाहिलं," राजा म्हणाला.

"काय पाहिलं, महाराज?"

"कोळ्याचं जाळं."

"आणि थेंबात?"

राजाला सांगता येईना. त्याने पाहिलेच नव्हते. तो गुडघे टेकून बसला, मान खाली नेली. एका थेंबात सगळे शेत उलटे टांगले होते. तळाशी आभाळ होते आणि त्या आभाळात सूर्याची तांबडी कड नुकतीच फुटत होती. मध्ये तिळाएवढा एक माणूस होता. मुकुट नाही, छत्र नाही, डोके खाली, पाय वर. राजाने हात हलवला. त्या माणसानेही हलवला.

शेजारच्या थेंबातही तो होता. त्याच्या शेजारच्याही. सगळ्या जाळ्यात राजे लटकले होते आणि एकाच्याही भाराने धागा तुटत नव्हता.

राजा किती वेळ तसाच बसला ते भद्रकाने मोजले नाही. धुके वर चढले. थेंब एकेक करून गेले. राजाचे बोट पानाला लागले होते, ते त्याने नकळत तोंडात घातले. जीभ झणझणली. आंबट. मागून खारट. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"आंबट आहे," तो म्हणाला. एवढेच म्हणाला.

भद्रकाने कापड मडक्यात पिळले आणि राजाला प्यायला दिले. मग बायकोने बांधावर भाकरी सोडली. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वर मीठ भुरभुरले. राजाने अर्धी भाकरी खाल्ली, मग भद्रकासाठी उरलेली अर्धी. ती म्हणाली, "आता ह्यांना काय वाढू?" राजा हसला. भोयांनी त्याला पूर्वी कधी हसताना ऐकले नव्हते.

तो सातही सकाळी आला. सातव्या दिवशी त्याने भद्रकाला गाव इनाम देऊ केले आणि विपुलाला हद्दपार करण्याची आज्ञा ओठांवर आणली.

भद्रक म्हणाला, "गाव नको. गावभर फिरून पाहायला मला एक जन्म पुरणार नाही, हे शेतच अजून पाहून व्हायचंय. आणि कोठाऱ्यांना घालवू नका. त्यांना हत्ती दिसले, हिरवी रेघ दिसली नाही. महाराजांचा आजार तोच होता. महाराजांना औषध मिळालं, मग त्यांना हद्दपारी का?"

राजाने आज्ञा मागे घेतली. पुढच्या थंडीपासून कापडाचे दुसरे टोक विपुल धरू लागला.

त्या सातव्या दिवशी राजा घरी आला तो थेट मुलीपाशी. खाली बसून त्याने विचारले, "मृणाल, तू ओंजळीत काहीतरी घेऊन आली होतीस. काय होतं त्यात?"

"ते केव्हाच उडून गेलं," ती म्हणाली. जरा वेळ तिने बापाकडे पारखून पाहिले. "दुसरं आहे. पण लगेच 'पाहिलं' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

तिने त्याचे बोट धरले आणि त्याला परसात नेले.

विहारात रोज तेच अंगण आणि तेच भिक्षापात्र, म्हणून कंटाळून निघून जाऊ पाहणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, ही कथा सांगितली आणि जन्मांचा मेळ असा घातला: तेव्हाचा पुष्करसेन राजा म्हणजे हाच भिक्षू. वैद्य सोमिल म्हणजे आनंद. भद्रकाची बायको म्हणजे राहुलमाता. हरभऱ्याची आंब धरणारा भद्रक तो मीच होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा गुण, जोपासली ती प्रज्ञा. तिचे मूळ स्मृतीत आहे, म्हणजे समोर असलेले खरोखर पाहण्यात.

तो भिक्षू उठला, झाडू घेतला आणि अंगण झाडायला गेला. त्या दिवशी त्याला फार वेळ लागला.