बोलका डबा

आडवाडीच्या सरपंचांना, म्हणजे रंगनाथरावांना, गाव रोखमुक्त करायचं वेड लागलं. त्यांनी रोख घेणं बंद करून दुकानादुकानात एक बोलका डबा बसवला. मोबाइलवरून पैसे आले की डबा गिऱ्हाइकाचं नाव, वस्तू आणि रक्कम मोठ्याने सांगायचा.

गाव पार गोंधळून गेलं. कालिंदीताईंच्या मेडिकलमध्ये पहिल्याच दिवशी डबा ओरडला, "तुकाराम काळोखे, खरजेचं मलम, साठ रुपये!" बिचारे तुकाराममामा डब्यालाच हात जोडून म्हणाले, "अहो, जरा हळू बोला!" दुसऱ्या दिवसापासून बायका दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन परत जाऊ लागल्या. माणसं दुखणी अंगावर काढू लागली. शेवटी कालिंदीताईंनी डबा बंद करून टाकला.

सरपंच आपली माणसं घेऊन दुकानात आले. "प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं, ताई?" त्यांनी दरडावून विचारलं.

"काहीच नसतं," कालिंदीताई म्हणाल्या. "मग पुढच्या निवडणुकीत हाच डबा मतदानाच्या यंत्रावर ठेवू. कुणी कुणाला मत दिलं, ते नावासकट सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. तुमची माणसं प्रामाणिकच आहेत ना?"

सरपंच खुशीत मागे वळले. "काय रे, चालेल ना?"

सगळ्यांत आधी मान खाली घातली ती त्यांच्या सख्ख्या भावाने.

रंगनाथराव एकदा डब्याकडे, एकदा भावाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच डबा उचलला आणि काखेत मारून ते मुकाट्याने पायऱ्या उतरले.