राजाचा मित्र आणि तित्तिर घोडा

पूर्वी शिलावती नगरीत मेघकेतू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या पागेवर घोड्यांचा शिक्षक होता. ही विद्या त्याच्याकडे बापाकडून आली होती. अडेल घोड्या, चावरे घोडे, स्वतःच्या सावलीला बुजणारी शिंगरे, सगळी त्याच्याकडे येत आणि दोन-तीन महिन्यांत वळणावर येत. माणसांना याहून जास्त वेळ लागतो, असे तो म्हणे.

शिलावतीचे राजे एरवी हत्तीवर बसत. हत्तीवर बसायला शिकावे लागत नाही. चार माणसांनी वर चढवून दिले की झाले. पण दर सहाव्या वर्षी राजाने घोड्यावरून नगराच्या सीमेवरच्या सात शिळांची पूजा करायची, असा तिथला रिवाज होता. सहा वर्षांतून एकदा घोड्यावर बसणारा माणूस पडतो, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. शिलावतीचा राजा कधी पडतच नसे. तो खाली आला की भाट ललकारी देई, "महाराजांनी भूमातेला आलिंगन दिले!" लोक जयजयकार करीत, आणि घोड्यावर राजद्रोहाचा खटला चाले. न्यायाधीश घोड्याला विचारीत, "तुला काही सांगायचं आहे का?" घोडा गप्प राही. गप्प राहणे म्हणजे कबुली, असे धरून त्याला चुना मळण्याच्या घाणीला जुंपत. डोळ्यांवर पट्टी, मानेवर जू, आणि मरेपर्यंत त्याच रिंगणात फिरणे.

मेघकेतूच्या वडिलांनी सहा वर्षांपूर्वी असेच भूमातेला आलिंगन दिले होते. त्यांची घोडी अजून घाणीला फिरत होती. तेव्हा तिचे शिंगरू वर्षाचे होते. बोधिसत्त्वाने ते स्वतःच्या हाताने वाढवले. अंगावर तित्तिर पाखरासारखे ठिपके, म्हणून नाव तित्तिर ठेवले. आता तो पागेतला सर्वांत गुणी घोडा होता, आणि गुणी म्हणूनच यंदाच्या सीमापूजेला त्याची निवड झाली. ते ऐकून बोधिसत्त्वाला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पूजेला चाळीस दिवस उरले असताना राजाने बोधिसत्त्वाला एकट्यालाच बोलावून घेतले. दारे लावून घेतली. मग तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "आचार्य, माझा एक मित्र आहे. त्याला घोड्यांविषयी काही विचारायचं आहे."

"विचारू द्या, महाराज."

"घोड्याला कळतं का हो, की वर बसलेला माणूस घाबरला आहे?"

"वर बसेपर्यंत कशाला थांबेल? मित्र पागेच्या दारात आला की कळतं."

राजाचा चेहरा उतरला. "मग मित्रानं भीती लपवावी कशी?"

"लपवू नये. घोडा स्वतःच फार भित्रा प्राणी आहे, महाराज. छत्रीला भितो, वाळत घातलेल्या उपरण्याला भितो. दोघं भित्रे एकत्र निघाले, तर त्यांतल्या एकानं तरी श्वास चालू ठेवावा. एवढं मित्राला जमलं तर पुष्कळ झालं."

राजाने लगेच एक मोठा श्वास घेतला. मग मित्राच्या बाकीच्या शंका बाहेर पडल्या. घोड्यावर डावीकडूनच का चढायचे? तलवार डाव्या कमरेला असते, उजवीकडून चढायला गेले तर ती पायांत येते, म्हणून. मित्राकडे तलवार नसेल तर? तरीही डावीकडूनच, कारण घोड्याला तीच सवय आहे आणि त्याला तलवारीचे कारण माहीत नाही. गूळ खाऊ घातला तर घोडा प्रेम करू लागतो का? करतो, गुळावर. चालताना नजर कुठे ठेवायची? जिथे जायचे आहे तिथे. जमिनीकडे पाहत राहिले, तर माणूस थोड्याच वेळात तिथे पोहोचतो.

राजाला हे सगळे पटले. त्याने बोधिसत्त्वाला दुसऱ्या दिवशीही बोलावले, तिसऱ्या दिवशीही बोलावले. मित्राच्या शंका काही संपेनात.

एव्हाना बोधिसत्त्वाच्या दारी आणखी मित्र येऊ लागले होते, म्हणजे मित्रांचे मित्र. सेनापती उग्रबाहूच्या मिशा पाहून परकी सैन्ये थांबत असत. त्याने आपल्या एका सैनिकाच्या वतीने विचारले, की घोडा उतारावरून जाताना सैनिकाने डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत. पुरोहित पिंगलशर्म्याच्या एका शिष्याचा घोडा जागचा हलत नव्हता. खोदून विचारल्यावर कळले, की शिष्य दोन्ही हातांनी लगाम ओढतो आणि त्याच वेळी दोन्ही टाचा मारतो. बोधिसत्त्व म्हणाला, "हात म्हणतात थांब, पाय म्हणतात चल. घोडा बिचारा विचार करत उभा राहतो. तुमच्या शिष्याला सांगा, एका वेळी एकच आज्ञा." पुरोहिताने ते भूर्जपत्रावर लिहून घेतले आणि शिष्यासाठी म्हणून स्वतःच्या कमरेला खोचून ठेवले.

नगरात इतके होतकरू मित्र आहेत, आणि पागेत एकाचेही पाऊल पडत नाही, याचे बोधिसत्त्वाला वाईट वाटे. शेवटी तो राजाला म्हणाला, "महाराज, ऐकून कुणाला पोहता येत नाही. मित्राला पाठवा."

मित्र आला. पहाटे, डोक्यापासून पायापर्यंत कांबळे पांघरून. पायांतले सोन्याचे जोडे तेवढे काढायचे राहून गेले होते. बोधिसत्त्वाने जोड्यांकडे न पाहता म्हटले, "या, मित्रमहाशय." आणि तित्तिराला पुढे आणले.

उरलेल्या दिवसांत मित्र पुष्कळ वेळा पडला. पहिल्यांदा खोगीर निसटले म्हणून. दुसऱ्यांदा माशी आली म्हणून. मग ऊन डोळ्यांवर आले, वारा आडवा लागला, घोड्याने कान हलवला. एकदा तर घोड्याने काहीच केले नाही, म्हणून मित्र पडला. प्रत्येक वेळी तित्तिर तिथल्या तिथे थांबे आणि मान खाली घालून उभा राही, म्हणजे पडलेल्याला आयाळ धरून उठता यावे. बोधिसत्त्वाने त्याला सर्वांत आधी हेच शिकवले होते. दौडणे, वळणे, उडी मारणे त्यानंतरचे.

शेवटच्या पहाटे मित्र कांबळ्यातूनच म्हणाला, "आचार्य, एक शंका राहिली. पूजेच्या दिवशी पडलो... म्हणजे समजा, महाराज पडले. तर पडल्यावर पहिल्यांदा काय करायचं?"

"पहिल्यांदा म्हणायचं, मी पडलो. मग उठायचं."

"आधी उठलं तर?"

"आधी उठलं की माणूस इकडेतिकडे बघतो आणि त्याला खोगीर दिसतं, माशी दिसते, घोडा दिसतो."

मित्राने कांबळे आणखी घट्ट ओढून घेतले. मग आतून आवाज आला, "या नगरात राजाला ते म्हणता येत नाही."

"मग माझा तित्तिर घाणीला जाईल," बोधिसत्त्व म्हणाला. त्याचा आवाज या वेळी नेहमीसारखा शांत नव्हता. "मित्रमहाशय, त्याची आई तिथं आहे. मी तिला शिकवलं होतं. तिची काही चूक नव्हती."

मित्र निघून गेला.

त्याच दिवशी दुपारी उग्रबाहू आणि पिंगलशर्मा बोधिसत्त्वाकडे आले. त्यांनी एक उपाय काढला होता. घोड्याला सकाळी अफू चारायची, राजाला शेल्याखालून पट्ट्यांनी खोगिराला आवळून बांधायचे. राजा पडणार नाही, घोडा बुजणार नाही. या कामाबद्दल आचार्याला नदीकाठचे एक गाव इनाम मिळेल.

बोधिसत्त्व म्हणाला, "अफू घेतलेला घोडा बुजत नाही हे खरं. तो सरळ कोसळतो. आणि बांधलेला माणूस त्याच्याखाली जातो. गाव तुम्हीच ठेवा."

"मग उद्या काही झालं, तर घाणीला दुसरं जू तुझ्यासाठी," उग्रबाहू मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"चालेल. निदान तित्तिराला सोबत होईल."

पूजेच्या दिवशी सगळे नगर सीमेवर लोटले. शंख वाजले. राजा डावीकडून चढला. श्वास घेतला. नजर समोर ठेवली. पहिली शिळा झाली, दुसरी झाली. चौथीपाशी एका बाईची छत्री उघडली, तर तित्तिर बुजला आणि राजाही बुजला, पण दोघेही श्वास घेत पुढे गेले. सहाव्या शिळेपाशी तर राजा चक्क हसला. पागेच्या माणसांनी तो हसताना पूर्वी कधी पाहिला नव्हता.

सातवी शिळा चुन्याच्या घाणीला लागून होती.

तिच्या जवळ येताच घाणीतली म्हातारी घोडी थबकली. डोळ्यांवर पट्टी होती, पण तिने नाकपुड्या फुलवल्या आणि खिंकाळली. सहा वर्षांत ती खिंकाळली नव्हती. तित्तिर जागच्या जागी उभा राहिला आणि मान वळवून त्याने उत्तर दिले. घोडा थांबला. राजा मात्र थांबला नाही. तो घोड्याच्या मानेवरून तसाच पुढे गेला आणि मळून ठेवलेल्या गार चुन्याच्या ढिगात पुरता रुतला.

बाहेर आला तो शेंडीपासून टाचेपर्यंत पांढरा. डोळे तेवढे काळे होते.

भाटाने छाती भरून घेतली. "महाराजांनी भूमातेला..." इथे तो जरा अडखळला, कारण भूमाता नव्हती, चुना होता. तरी त्याने ते वाक्य पुरे केले. लोकांनी सवयीने जयजयकार केला. उग्रबाहूने दोर मागवला. न्यायाधीश पुढे झाले आणि तित्तिरासमोर उभे राहिले.

"तुला काही सांगायचं आहे का?"

तित्तिर मान खाली घालून राजाजवळ उभा होता. त्याची आयाळ राजाच्या हाताला लागत होती. तो वाट पाहत होता, शिकवल्याप्रमाणे.

न्यायाधीशांनी तीन श्वास थांबून पाहिले. "गप्प राहिला," ते म्हणाले. "कबूल केलं."

बोधिसत्त्व पुढे आला आणि घाणीच्या जुवाजवळ जाऊन उभा राहिला. दोन घोड्यांच्या मध्ये एका माणसाची जागा होती.

राजाने ते पाहिले. पट्टी बांधलेली घोडी पाहिली, आपल्या हाताखालची आयाळ पाहिली. तो म्हणाला, "आचार्य, माझा एक मित्र विचारतो..." आणि थांबला. चुन्याखाली त्याचे ओठ हलले. "नाही. मित्र नाही. मीच विचारत होतो. सगळं मीच विचारलं." मग त्याने श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "मी पडलो. घोडा उभा होता. मी पडलो."

भाटाला यापुढचे येत नव्हते. न्यायाधीशांनी पुरोहिताकडे पाहिले, पुरोहिताने आकाशाकडे पाहिले. राजा पडला तर काय करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण आजवर एकही राजा पडला नव्हता.

घाणीवर चुना मळणारी एक म्हातारी हातातली पाटी खाली ठेवून पुढे आली. चुन्याने माखल्यामुळे तिने त्याला ओळखले नसेल, किंवा ओळखलेही असेल. आपल्या पदराने त्याचे तोंड पुसत ती म्हणाली, "फार लागलं का रे, लेकरा?"

राजाला हे कुणी कधी विचारले नव्हते. त्याच्या वडिलांनाही कुणी विचारले नव्हते, आजोबांनाही नाही. जो पडलाच नाही त्याला लागले का, असे कोण विचारणार? मेघकेतूचे डोळे भरून आले.

"लागलं," तो म्हणाला. "गुडघ्याला."

बोधिसत्त्वाने पाणी आणून त्याचे डोळे धुतले, गुडघ्याला तेल चोळले. मग राजा लंगडत घाणीपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने म्हाताऱ्या घोडीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली, मानेवरचे जू काढले. तित्तिराची आयाळ धरून तो पुन्हा चढला. या वेळी उजवीकडून, कारण डावा गुडघा वाकत नव्हता. तित्तिराने एकदा मागे वळून पाहिले आणि चालवून घेतले. सातव्या शिळेपर्यंतचे अंतर दहा पावलांचे होते. ती दहा पावले राजा, घोडा आणि मागून येणारी म्हातारी घोडी अगदी हळू चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेच्या दारात गर्दी होती. सर्वांत पुढे उग्रबाहू उभा होता. त्याने खोकून घसा साफ केला. "आचार्य, उतारावरून जाताना डोळे मीच मिटतो."

"उघडे ठेवा, सेनापती," बोधिसत्त्व म्हणाला. "घोड्याचे उघडेच असतात. दोघांनी पाहिलेलं बरं."

शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, पूर्वजन्मीची ही कथा विहारात सांगितली, त्याला एक निमित्त झाले होते. नंदिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून संघाचा पाण्याचा घडा फुटला होता. तीन दिवस तो सांगत होता, की पायरी निसरडी होती, घडा ओला होता, कावळा ओरडला. दोन भिक्षूंनी त्याच्या बाजूने साक्षही दिली होती, की पायरी खरोखर निसरडी आहे. त्या पायरीवर पाऊस होऊन पाच महिने झाले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा मेघकेतू राजा म्हणजे हा नंदिसेन. सेनापती आणि पुरोहित म्हणजे त्याचे हे दोन साक्षीदार. चुना मळणारी म्हातारी म्हणजे तो घडा दान देणारी उपासिका धम्मवती. घोड्यांचा शिक्षक मीच होतो. घोडा पुढे पुष्कळ जन्म चांगल्या माणसांत राहिला. राजानं त्या दिवशी जे केलं, भिक्खूहो, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय. शिक्षकानं चाळीस दिवस जे केलं, ती क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता होय."

नंदिसेन उठून उभा राहिला. "भंते, घडा मी फोडला," तो म्हणाला.

सभेच्या मागच्या बाजूने धम्मवतीचा आवाज आला. "ते ठाऊक आहे हो, भंते. पायाला काही लागलं का, ते सांगा. तीन दिवस मी तेच विचारायला येते आहे."